लेक विमान घेण्याआधी विम्याचं बघ

अरे, जुनं लेक बकनीअर, म्हणजे पाण्यावर आणि धावपट्टीवर दोन्हीकडे उतरणारं छोटं विमान, स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच बयाणा देऊ नकोस. नाव लेक, पण मागण्या जावयाच्या! आधी विमा एजंटला फोन कर. साध्या विमानाचे उड्डाणाचे तास तुझ्याकडे कितीही असोत, ते विचारतात याच विमानावरचे. नवख्याला हप्ता जबर, कधी सरळ नकार. कारण चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलं की विमान नाकावर उलटतं. मी अजूनही उतरताना मोठ्याने म्हणतो, "पाणी आहे, चाकं वर." फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात उतरलास तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धू, नाहीतर पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी धरते. २०० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन कुठलाही मेकॅनिक उघडेल. पाण्यात बसणाऱ्या तळाची गळती नेमकी शोधणारे मोजकेच, आणि तेही लांब.