साडेअठरा हजारांच्या पैजेपायी अडकलेले आंब्याचे पैसे

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलं आहे. स्वतः पहाटे कुणकेश्वरच्या रस्त्याला धावायला जातात आणि दोन वर्षांपासून मोबाइलवरच्या ॲपवर मॅरेथॉन शर्यतींवर पैसे लावतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉननंतर त्यांना 18,500 रुपये मिळाले. फेब्रुवारीअखेर परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँकेने खातं गोठवलं. त्यानंतर वाशीच्या दलालाने पाठवलेले पहिल्या पट्टीचे, म्हणजे विकलेल्या आंब्याच्या हिशोबाचे, पैसे खात्यात जमा झाले, पण काढता येत नाहीत. बागेतल्या गड्यांची मजुरी थकली आहे. त्यांचे प्रश्न तीन: खातं कसं सुटेल, ते पैसे आंब्याचे होते असं पोलिसांना सांगितलं तर चालेल का, आणि पुढे कोणतं ॲप, कोणती पद्धत धरावी? खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशी पत्रं येतात. फक्त मॅरेथॉनच्या जागी कधी क्रिकेट असतं, कधी रमी.

तुम्ही पाठवलेला खातेउतारा मी पाहिला. 18,500 जमा झाल्याची ओळ पुन्हा वाचा. पाठवणाऱ्याच्या जागी ॲपचं किंवा कंपनीचं नाव नाही, एका बाईचं नाव आहे, यूपीआयवरून. ही बाई कोण, हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही विचारलंही नाही. असली ॲप पैसे फिरवतात ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून. त्याच खात्यांत कुणा तिसऱ्याच माणसाचे फसवून काढलेले पैसेही येऊन पडतात. तो माणूस 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, मग पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले ती सगळी अडवली जातात. त्या साखळीत तुमचं खातं आलं असावं. जिंकल्याच्या आनंदात ती एक ओळ वाचायची राहिली, त्याची किंमत आता हंगामात मोजावी लागते आहे.

आता सगळं एका मुद्द्यावर ठरेल: अडवलंय काय, 18,500 रुपये की अख्खं खातं? तुमच्या सहा पानी पत्रात याचं उत्तर नाही, कारण तुम्ही बँकेला लेखी विचारलेलंच नाही. शाखेतल्या साहेबांच्या ‘बघतो, वरून येऊ दे’वर पाच आठवडे घालवलेत. बँकेकडे लेखी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल, वादातली रक्कम, आणि पोलिसांच्या पत्राची प्रत.

बँक खातं ही जप्त करता येण्याजोगी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली तापस नियोगी प्रकरणात सांगितलं. म्हणजे पोलिसांना अधिकारच नाही, असा वाद घालत बसू नका. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली जप्ती केली की दंडाधिकाऱ्यांना तातडीने कळवावं लागतं. ते कळवलं का, हे ईमेलने विचारा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच खातेदारांच्या बाबतीत गोठवणूक पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच ठेवायला बँकांना सांगितलं होतं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण दाखवण्यासारखा नक्की आहे. तेव्हा तपास अधिकाऱ्यांना कळवा की 18,500 तपास होईपर्यंत अडवून ठेवायला माझी हरकत नाही, बाकी खातं मोकळं करा. सोबत दलालाची पट्टी, सातबारा आणि गेल्या दोन हंगामांचा उतारा जोडा.

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल. ते न्यायालय परराज्यात आहे, तिथला वकील लागेल, आणि तारीख कधी मिळेल हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. दुसरी वाट उच्च न्यायालयाची. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्याच कक्षेत येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. पोलीस ठाणं राज्याबाहेरचं असल्याने अधिकारक्षेत्राचा आक्षेप येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते आणि तुमचा हंगामही तेव्हाच संपतो. आंबा न्यायालयासाठी थांबत नाही, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत फार वेळा पाहिलं आहे आणि दरवेळी तितकीच चीड येते.

दुसरा प्रश्न. नाही, ते पैसे आंब्याचे होते असं सांगू नका. जानेवारीत तुमच्या बागेतून एकही पेटी गेलेली नाही, हे तुमची पट्टीच सांगेल. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या 2025 च्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. राज्याच्या 1887 च्या जुगारबंदी कायद्याचं काय, यावर मी इथे ठाम बोलणार नाही. म्हणून जबाब देण्याआधी वकिलाला दाखवा. पण खऱ्याने तुम्ही पैज लावणारे ठरता, खोट्याने चोरीचा पैसा लपवणारे.

पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत की धावणाऱ्यांच्या ग्रुपवर तुम्ही ॲपची लिंक टाकली आणि प्रत्येक मित्रामागे शंभर रुपये मिळाले. मला सगळ्यात काळजी याची वाटते. इथे तुम्ही नुसते खेळणारे राहत नाही. लिंक पाठवणं आजच थांबवा, पण जुने मेसेज पुसू नका. पुसलेले मेसेज पुरावा नष्ट केल्यासारखे दिसतात.

ॲपमध्ये अजून 84,000 दिसतात आणि ‘आधी 30 टक्के कर भरा’ असा मेसेज आलाय म्हणता. एक रुपयाही भरू नका. कर कापून उरलेले पैसे देतात, कर आधी कुणाच्या यूपीआयवर मागत नाहीत. ते 84,000 कोर्टात मागताही येणार नाहीत. भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक, आणि जिंकलेल्या पैशांसाठी दावा लागत नाही. त्यात अपवाद ठेवलाय तो घोड्यांच्या ठरावीक शर्यतींचा, माणसांच्या शर्यतीचा नाही. आपल्याकडे तर 1865 च्या जुन्या मुंबई कायद्यामुळे पैजेसाठी दिलेले हातउसनेही वसूल होत नाहीत. तुमच्या चुलतभावाने दिलेले वीस हजार तुम्ही सचोटीने परत करा, त्याच्या हाती कायदा काही देत नाही.

राहिला ॲपचा आणि पद्धतीचा प्रश्न. ‘धावण्यातलं मला कळतं, वेग आणि पेसर (इतरांना वेग धरून देणारा धावपटू) बघून लावतो, हे कौशल्य आहे’ असं तुम्ही लिहिता. 2025 च्या कायद्याने पैसे लावायचे असतील तर कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही, तेव्हा चांगलं ॲप सुचवणं मला शक्य नाही. आणि ज्ञानाचं म्हणाल तर एप्रिल 2024 ची बीजिंग अर्धमॅरेथॉन आठवा. आघाडीवरच्या तीन आफ्रिकी धावपटूंनी अखेरच्या टप्प्यात वेग कमी करून चीनच्या हे जिएला पुढे जाऊ दिलं. पुढे आयोजकांनी चौघांचेही निकाल रद्द केले, पदकं आणि बक्षिसं परत घेतली. किलोमीटरगणिक वेग पाठ असलेल्यालाही ते आधी कळणं शक्य नव्हतं.

उद्या बँक उघडताच दोन प्रतींत अर्ज घेऊन जा, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. दलालाला पुढच्या पट्टीसाठी तुमच्याच नावाचं दुसऱ्या बँकेतलं खातं द्या, बायकोचं किंवा भावाचं देऊ नका.