मुलाने नाकारलेली सोळा लाखांची नोकरी

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात एमबीए फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात त्याने एका खासगी बँकेच्या वेल्थ मॅनेजमेंट विभागात इंटर्नशिप केली. काम आवडलं म्हणून त्यांनी वर्षाला सोळा लाखांची ऑफर दिली. हा नको म्हणतो. कारण काय, तर एका निवृत्त शिक्षिकेची एफडी मोडायला लावून तिला दहा वर्षं हप्ते भरायची युलिप, म्हणजे बाजारातल्या गुंतवणुकीशी जोडलेली विमा पॉलिसी, विकली, ते त्याला बघवलं नाही. एवढ्यावरून कोणी नोकरी सोडतं का? बारा लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, मी दोन वर्षांत निवृत्त होईन. आपण चांगले असलो की कुठेही चांगलं राहता येतं, हे त्याला तुम्ही समजवा. शिवाय सीएफए की एफआरएम, यातली कोणती व्यावसायिक परीक्षा द्यावी, तेही सांगा.
– एक पालक, कराड

उत्तर : तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात सोळा लाखांचा आकडा पुन्हा पुन्हा येतो, कर्जही येतं, मेहुण्यांच्या मुलाचं पॅकेजही येतं. त्या शिक्षिकेबद्दल मात्र एकच ओळ आहे, आणि तीही मुलगा किती हळवा आहे हे सांगण्यासाठी. मला काळजी वाटली ती याचीच. मुलाला समजवा, असं तुम्ही म्हणता. मी ते करणार नाही. उलट तुम्हालाच थोडं थांबायला सांगणार आहे.

त्याने नेमकं काय पाहिलं, हे तुम्ही त्याला विचारलंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. हे व्यवहार कसे होतात, ते वेल्थ विभागात काम केलेले माझे अनेक विद्यार्थी सांगतात. बाई एफडीचं नूतनीकरण करायला येतात. त्यांना केबिनमध्ये बसवतात, चहा येतो. ‘मॅडम, एफडीपेक्षा छान योजना आहे,’ असं सांगून फॉर्म पुढे सरकवतात. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलने आधीच फुल्या मारलेल्या असतात. मग शेवटची सूचना : ‘कंपनीचा पडताळणीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा.’ युलिपचे पैसे पाच वर्षं काढता येत नाहीत. पुढच्या वर्षी पेन्शनमधून हप्त्याची रक्कम कापली जाते, तेव्हा बाईंना कळतं की आपण ठेव ठेवलीच नाही. बँक हे का करते, त्याचं उत्तर सरळ आहे. एफडीवर बँकेला व्याज द्यावं लागतं. तीच रक्कम विम्यात वळवली की विमा कंपनीकडून कमिशन मिळतं आणि अधिकाऱ्याचं टार्गेटही भरतं. तुमच्या मुलाला दोन महिन्यांत हे दिसलं. ते दिसूनही त्याने मान खाली घालून पुढचा फॉर्म भरला असता, तर मला जास्त चिंता वाटली असती.

आणि त्या बाईंचं काय झालं? पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. ते दिवस उलटले असतील तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालांकडे जायचं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. मुलाला शक्य असेल तर हा रस्ता त्यांच्यापर्यंत पोहोचेल असं त्याने पाहावं. ‘मला पटलं नाही’ म्हणून बाजूला होणं योग्यच, पण त्या बाईंना त्याचा अजून काही उपयोग झालेला नाही.

आता तुमचं वाक्य : ‘आपण चांगले असलो की कुठेही चांगलं राहता येतं.’ ही समजूत फार जणांची असते आणि या क्षेत्रात ती फार महागात पडते. लोभ म्हणजे हर्षद मेहतासारख्या एखाद्या माणसाच्या अंगातला दोष, आपला मुलगा तसा नाही, मग कसली भीती, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लोभ येतो तो टार्गेटच्या रूपात, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. कोणी ‘फसव’ म्हणत नाही, ‘आकडा भर’ म्हणतात. येस बँकेचे एटी-1 रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर पूर्ण बुडू शकणारे रोखे, बँकेच्याच ग्राहकांना ‘सुपर एफडी’ म्हणून विकले गेले, असं शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने एप्रिल 2021 च्या आदेशात नोंदवलं. 1,346 वैयक्तिक गुंतवणूकदारांचे सुमारे 679 कोटी त्यात होते. त्यातल्या 277 जणांनी तर मुदतीआधी एफडी मोडून पैसे घातले होते. मार्च 2020 मध्ये बँक वाचवताना ते रोखे शून्यावर आणले गेले. सेबीने बँकेबरोबर वेल्थ विभागातल्या अधिकाऱ्यांनाही व्यक्तिशः दंड ठोठावला. त्या आदेशाला पुढे आव्हान दिलं गेलं, पण त्या अधिकाऱ्यांच्या जागी तुमचा मुलगा उभा आहे असं क्षणभर धरा. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेच्या कर्मचाऱ्यांनी टार्गेटपायी ग्राहकांच्या नावे त्यांना न विचारता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये ते बाहेर आलं, तोपर्यंत सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना काढलं गेलं होतं, बहुतेक खालच्या पायरीवरचे. प्रमुखांनी राजीनामा दिला तो नंतर. ती पाच हजार माणसं काय जन्मतः लबाड होती? तुमच्या-माझ्या घरातल्यासारखीच मुलं होती ती. टार्गेट वरून येतं, सही मात्र खालच्याची असते.

तुम्ही कराडचे आहात, म्हणून आणखी एक आठवण करून देतो. 1992 चा रोखे घोटाळा झाला तेव्हा तुम्ही पंचविशीत असाल. रोखे हातात नसताना त्यांच्या नावाने बँक रिसीट, म्हणजे ‘रोखे देणं आहे’ अशी बँकेची पावती, देण्याचे प्रकार तेव्हा उघडकीला आले. त्यात तुमच्या गावच्या बँक ऑफ कराडचं नाव होतं आणि ती बँक अवसायनात गेली. तेव्हा गावात काय बोललं जायचं, ते मुलाला सांगा. वर्गातल्या केस स्टडीपेक्षा ते त्याला जास्त उपयोगी पडेल.

‘पाच वर्षं कमव, मग मनासारखं कर’ असंही तुम्ही सुचवलंय. पाच वर्षांत फ्लॅट होतो, गाडी होते, लग्न होतं, आणि सगळ्याचे हप्ते त्याच पगारावर बेतलेले असतात. तेव्हा नाही म्हणणं आजच्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

मुलाशीही दोन शब्द. अरे, एक विभाग वाईट निघाला म्हणून सगळं क्षेत्र सोडू नकोस. कर्जाची छाननी, जोखीम व्यवस्थापन, अंतर्गत लेखापरीक्षण, अनुपालन (नियम पाळले जातात का ते पाहणं) ही कामं अशा फसवणुकीला अडवण्यासाठीच असतात, आणि तिथे तुझ्यासारखी नजर लागते. सेबीकडे नोंदणी असलेले, ग्राहकाकडून फी घेऊन सल्ला देणारे सल्लागारही आहेत. त्यांनी ज्याला सल्ला दिला त्यालाच कमिशनवर काही विकायचं नसतं. सुरुवातीला पैसे कमी मिळतील, हे धरून चाल. प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न विचारायचाच : माझ्या पगाराचा बदलता भाग कशावर ठरतो? उत्तरात फक्त विक्री आली, तर समजून घे. ट्रेडिंग ॲपवाल्या कंपनीची ऑफर आली तरी हेच विचार. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे फ्यूचर्स-ऑप्शन्सचे सौदे, करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 जण तोट्यात होते. त्यांचा एकत्र तोटा 1.8 लाख कोटींच्या वर जातो. ते जितके सौदे करतील तितकी ब्रोकरेज वाढते, आणि तुझा बोनस त्यातून येणार असेल तर तोही त्याच व्यवहाराचा भाग झाला.

सीएफए की एफआरएम? जोखमीकडे वळला तर एफआरएम, गुंतवणूक विश्लेषणात गेला तर सीएफए. आरबीआय ग्रेड बी आणि सेबी ग्रेड ए या अधिकारी भरतीच्या परीक्षांचाही विचार व्हावा. पण यातलं काहीही आज ठरवायची घाई नाही.

कर्जाची तुमची चिंता खोटी नाही, ती मी हलकी करणार नाही. बारा लाखांवर साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता 16,000 च्या आसपास येतो. आठ-नऊ लाखांच्या नोकरीत, पुण्यात दोघांत खोली घेऊन राहिलं, तर तो भरता येतो. शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू व्हायला सहसा सहा महिने ते वर्षभराची सवलत असते. तुमच्या मंजुरीपत्रात नेमकं काय लिहिलंय ते दोघांनी एकत्र बसून वाचा. हप्ता तुमच्या निवृत्तीच्या पैशातून नाही, त्याच्या पगारातून जाणार, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या. तो जबाबदारी टाळत नाहीये, असं मला त्याच्या नकारातून वाटतं. चुकत असेन तर या बैठकीत ते तुम्हाला दिसेलच.

आणि नकार कळवण्याआधी संस्थेचे प्लेसमेंटचे नियम नीट पाहा. काही ठिकाणी अशी ऑफर नाकारली की पुढच्या फेऱ्यांना बसू देत नाहीत. तसं असेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्याला भेटून कारण स्पष्ट सांगावं आणि लेखी परवानगी मागावी. ते तुम्ही करू नका, त्यालाच करू द्या.