बाजाराच्या चित्रातली उतरंड

प्रश्न : फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोमच्या ‘गालिचा व्यापारी’ (सुमारे १८८७) या चित्रातला कैरोचा बाजार खरा मानावा का? त्यात मोठा माणूस कोण, हे कसं ओळखायचं?

उत्तर : वस्तू खऱ्या, प्रसंग मात्र रचलेला. जेरोम इजिप्तला अनेकदा गेला. पण चित्रं पूर्ण करी ती पॅरिसच्या स्टुडिओत. स्केचेस, छायाचित्रं, जमवलेले पोशाख-हत्यारं आणि पगारी मॉडेल यांची ती जुळणी असे. त्यामुळे एकाच चौकात वेगवेगळ्या प्रांतांचे कपडे दिसू शकतात. तिथेच पाहणारा फसतो. गुळगुळीत रंगलेपनात कुंचल्याची खूण उरत नाही, म्हणून फोटो पाहिल्याचा भास होतो.

दर्जा ओळखताना चेहऱ्याआधी कापड पाहा. रेशीम की जाडंभरडं? मग पायताण, कमरेचं हत्यार आणि माल कोण उचलतोय, कोण नुसता पाहतोय. मूळ चित्र अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे.