चालता-बोलता माणूस आणि न दिसणारे अपंगत्व

ताई, तुमच्या यजमानांच्या डोक्याला दुचाकीच्या अपघातात मार लागला, आता ते चालतात-बोलतात, तरी जिल्हा परिषदेतले लेखनिकाचे काम त्यांना झेपत नाही आणि तपासणी मंडळाने अपंगत्वाचे जेमतेम टक्के दिले, हे वाचून माझ्या धाकट्या भावाचे सगळे प्रकरण डोळ्यांसमोर उभे राहिले. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, तेव्हा पुढचे सगळे जाणकारांकडून तपासून घ्यावे.

भावाची तपासणी जिथे झाली तिथे हातापायांची ताकद पाहिली, नाव, गाव, वार विचारला, उत्तरे बरोबर आली आणि तपासणी संपली. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला माणूस थोड्या वेळच्या बोलण्यात अगदी व्यवस्थित वाटू शकतो. अडते ते काम स्वतःहून सुरू करताना, दोन गोष्टी एकदम सांभाळताना, राग आवरताना आणि मेंदू थकल्यावर. मी हे सांगू लागले तेव्हा ‘पेशंटला बोलू द्या’ म्हणून मला गप्प बसवले गेले. भाऊ म्हणाला, ‘मला काही त्रास नाही.’ स्वतःच्या उणिवा न जाणवणे हा या इजेचाच एक परिणाम असतो, आणि ज्यांनी तो ओळखायचा त्यांनीच ते वाक्य पुरावा म्हणून लिहून घेतले, याचा संताप मला आजही येतो. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी त्याच कागदावर बोट ठेवले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचे वेगळे नाव नाही. तिचे परिणाम चलनवलन, वाचा व भाषा, मानसिक आजार अशा वेगवेगळ्या प्रकारांखाली पाहावे लागतात, आणि जो प्रकार कोणी तपासलाच नाही त्याचे टक्के शून्य राहतात. म्हणून स्मृती, लक्ष आणि नियोजन यांच्या चाचण्यांचा न्यूरोसायकॉलॉजिस्टचा (अशा चाचण्या घेणाऱ्या मेंदू-मानसतज्ज्ञाचा) सविस्तर अहवाल आधी घ्या, घरातल्या अडचणींची तारीखवार वही ठेवा, आणि मंडळाच्या निर्णयाविरुद्ध याच अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करताना दोन्ही जोडा. माझ्या मते या अहवालाशिवाय पुन्हा तपासणीला जाण्यात अर्थ नाही.

भरपाईचा दावा चालू असेल तर वकिलांना राजकुमार विरुद्ध अजय कुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाविषयी विचारा. अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या यजमानांसारख्या लेखनिकासाठी हा फरक फार मोठा आहे.

थोडे विषयाबाहेरचे, पण महत्त्वाचे: अशा इजेनंतर अनेकांचा वास घेण्याचा गुण जातो. यजमानांना फोडणी करपल्याचे कळते का ते पाहा. कळत नसेल तर स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्या.

कार्यालयाने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे केला, तर त्यावर मात्र त्यांना सही करू देऊ नका. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पदावर ठेवावे लागते. ते त्याच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम २०(४) आहे. कार्यालयाला पत्र लिहाल तेव्हा हा आकडा त्यात घाला आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.