बी आफ्रिकेची, गर कोकणचा: व्यापार करारांतली 'तीच ती' कलमे

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचा काजू कारखाना आहे. बी बरीचशी आफ्रिकेतून येते. दोन-तीन व्यापार करारांतले 'रूल्स ऑफ ओरिजिन'चे (माल कोणत्या देशाचा धरायचा, या नियमांचे) प्रकरण वाचून पाहिले, परिच्छेदच्या परिच्छेद सारखे आहेत. मग एका करारात आमचा गर भारतीय ठरला, तर दुसऱ्यातही ठरेल ना?

उत्तर : तसे गृहीत धरू नका. प्रकरणाचा साचा एकच असतो. फरक एखाद्या शब्दात, नाहीतर मागच्या परिशिष्टात असतो, आणि आयात शुल्कातली सवलत तिथेच मिळते किंवा जाते.

आधी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक पाहा. कवचासह काजू ०८०१.३१, सोललेला ०८०१.३२. पहिले चार अंक तेच. करारात चार अंकी हेडिंग बदलण्याची अट असेल, तर बी फोडून गर काढला तरी अट पुरी होत नाही. सहा अंकी सब-हेडिंगची अट असेल, तर होते.

आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट)–भारत वस्तू कराराच्या सर्वसाधारण नियमात सहा अंकी बदल पुरतो, पण सोबत मूल्याची अटही आहे: एफओबी किमतीत (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीत) किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांचे हवे. उलट्या बाजूने मोजायचे, तर बाहेरच्या मालाची किंमत ६५ टक्क्यांवर जाता कामा नये. समजा, गराची एफओबी किंमत किलोला ७०० रुपये आहे आणि एका किलो गराला चार किलो बी लागते. १३० रुपये दराने बीचे झाले ५२०, म्हणजे ७४ टक्के. बाद. चारातली एक किलो बी कोकणातली घेतली, तर आयात बी ३९० रुपयांची, म्हणजे जेमतेम ५६ टक्के. चालेल, मात्र कोणत्या लॉटमध्ये कुठली किती बी गेली, हे स्टॉक रजिस्टरवरून दाखवता आले पाहिजे. टरफलात आणि तुटफुटीत गेलेल्या बीची किंमतही धरायची असते. हिशेब चुकतो तो बहुधा इथेच.

एवढे जमले, तरी 'अपुरी प्रक्रिया' या नावाची यादी उरतेच, आणि ती वाचायचा लोक कंटाळा करतात. या यादीतली कामे कितीही केली, तरी त्यांनी मालाचे मूळ बदलत नाही. धुणे, चाळणे, प्रतवारी, पॅकिंग बदलणे ही कामे अशा याद्यांत हमखास सापडतात. युरोपीय संघाच्या साच्यात त्यापुढे आणखी एक नोंद असते: फळे, कवचाची फळे आणि भाज्या सोलणे, त्यांचे कवच काढणे. २०२० च्या ब्रिटन–युरोपीय संघ करारातही ती आहे. तुमच्या करारात ही यादी जशीच्या तशी उचललेली असेल आणि कारखान्यात बी फोडून सोलण्यापलीकडे काही होत नसेल, तर कोड बदलला, टक्केवारी जमली, तरी उपयोग नाही.

दोन्ही मजकूर वर्डच्या 'कंपेअर'मध्ये टाका आणि रंगीत झालेलेच वाचा. वस्तुनिहाय नियमांचे परिशिष्ट बहुधा वेगळ्या फाइलमध्ये असते, ते विसरू नका. ते कोणत्या वर्षीच्या एचएसवर बेतले आहे, हेही तपासा. २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये कोड सुधारले गेले. करार जुना असेल तर आजचा कोड त्यात असेलच असे नाही.

प्रश्न : पुण्यात कायदा शिकते. इतके देश, इतके वकील. तरी मजकूर नव्याने का लिहीत नाहीत? हा आळस नव्हे का?

उत्तर : थोडा आळस असेलही. पण जुन्या शब्दांना निवाड्यांनी अर्थ दिलेला असतो, नव्या शब्दांचा अर्थ कोण कसा लावील याची खात्री नाही. गॅट या जागतिक व्यापार कराराचे कलम २० पाहा. व्यापाराच्या नियमांना कोणते अपवाद चालतात, ते त्यात आहे; मजकूर १९४७ चा. त्यातले 'संपुष्टात येणारी नैसर्गिक संपत्ती' हे शब्द खाणीतल्या खनिजांपुरते आहेत, की सजीवांनाही लागू होतात? समुद्री कासवांना वाचवण्यासाठी अमेरिकेने कोळंबीच्या आयातीवर बंदी घातली. या कोळंबी-कासव वादात भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया तिच्याविरुद्ध गेले, तेव्हा १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने कासवेही त्यात येतात असे ठरवले. म्हणूनच अनेक करार हे कलम पुन्हा लिहीत नाहीत; 'आवश्यक फेरफारांसह या कराराचा भाग' असे म्हणून ते आत घेतात. शब्दांबरोबर त्यांच्यावरचे निवाडेही वाद घालताना हाताशी राहतात. याचे टोक म्हणजे २०१८ चा सीपीटीपीपी हा प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा व्यापार करार. त्याआधीचा टीपीपी करार अमेरिकेसह झाला होता. अमेरिका बाहेर पडल्यावर उरलेल्या अकरा देशांनी टीपीपीचा मजकूर संदर्भाने आत घेतला आणि त्यातल्या २२ तरतुदी स्थगित ठेवल्या.

प्रश्न : मग उचलेगिरीत नुकसान कधी होते?

उत्तर : कोणी न वाचता चिकटवले की. वर उल्लेखलेल्या ब्रिटन–युरोपीय संघ कराराच्या डीएनए माहितीच्या देवाणघेवाणीच्या परिशिष्टात ईमेलसाठी 'नेटस्केप कम्युनिकेटर ४' या कधीच मागे पडलेल्या सॉफ्टवेअरचे नाव आहे, शिवाय एसएचए-१ आणि १०२४ बिटची किल्ली ही माहिती सुरक्षित ठेवण्याची कालबाह्य तंत्रे. मजकूर युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्णयातून आला. तेव्हाही तो जुनाच होता.

ते हसण्यावारी गेले. भारताला मात्र एका साचेबंद कलमाचे पैसे मोजावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीज कंपनीला कोल इंडियाविरुद्ध २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला, पण आपल्या न्यायालयांत त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. भारत–ऑस्ट्रेलिया गुंतवणूक करारात 'हक्क बजावण्याची परिणामकारक साधने' देण्याची हमी नव्हती. ती भारत–कुवेत करारात होती. 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्र' (दुसऱ्या देशाला दिलेली चांगली वागणूक आपल्यालाही मिळावी) हे नेहमीचे कलम पुढे करून कंपनीने ती हमी आपल्या करारात ओढून आणली आणि २०११ मध्ये जिंकली. रक्कम सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, वर व्याज. भारताच्या २०१५ च्या नमुना गुंतवणूक करारात हे कलम नाही.