टॉर्क रेंच नाही आणि डिझेल इंजिनाचं हेड ५० न्यूटन मीटरला आवळायचंय, तर कसं मोजू?

कापसाचा काटा आहे ना घरात? वेचणीच्या दिवसांत बांधावर टांगून बायांचा कापूस मोजतो तो, हुकाचा. त्यावर काम भागतं. आमच्या परभणीकडं तर घरोघरी सापडेल.

हिशोब सोपा आहे. ५० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ५.१ किलोचा ओढा. बोल्टच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर टॉमीला, म्हणजे पान्याच्या दांड्याला, तिकोनी कानशीनं खाच पाडा, हूक सरकत नाही. तिथं २०.४ किलोचा ओढा दिला की झालं. अर्ध्या मीटरवर ओढलं तर १०.२ किलोच पुरतात, हात कमी दुखतो, पण १०० किलोच्या काट्यावर १० किलो नीट वाचता येत नाहीत. म्हणून मी दांडा मुद्दाम आखूड धरतो.

काट्यावर आधी विश्वास ठेवू नका. पाण्याचा २० लिटरचा जार रिकामा टांगून बघा, मग भरून. फरक २० किलो यायलाच पाहिजे. आणि आपण काटा आडवा धरून ओढणार, तेव्हा शून्यही आडवा धरूनच लावा. टांगल्यावर हुकाचं वजन काट्यावर येतं, आडव्यात येत नाही.

ओढताना काटा टॉमीशी काटकोनात. इथंच सगळे चुकतात. ६० अंशात ओढलं तर काटा २० दाखवतो आणि बोल्टला पोचतात जेमतेम १७. आकडा वाचायचा तो बोल्ट फिरत असताना. थांबलेला बोल्ट हलवायला जास्त जोर लागतो, तो आकडा फसवा.

एका दमात आवळू नका. सगळे बोल्ट आधी ८ किलोवर, मग १४, मग २०.४, मधून सुरुवात करून तिरपे बाहेर जात. आट्यांना तेल लावायचं की नाही ते इंजिनाच्या पुस्तकात बघा. कोरड्याचा आकडा तेलकट आट्यांना लावला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. मी सासऱ्यांच्या इंजिनाला तेल चोपडून वर अंदाजानं आवळत बसलो होतो. स्टड (ब्लॉकमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटला, अर्धा ब्लॉकमध्येच. तो काढायला दोन दिवस गेले आणि तोवर तूर वाळत होती.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र या जुगाडावर आवळू नका. त्याला गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी रेंच मागून आणा.