स्वस्तातली 'बिस्मार्क' खेळण्यासारखी का दिसते?

प्रश्न : १:७०० प्रमाणातले 'बिस्मार्क' या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेचे स्वस्त प्लॅस्टिक किट जोडायला घेतले आहे, पण ते खेळण्यासारखे दिसते. महागडे धातूचे सुटे भाग न घेता सुधारता येईल का?

उत्तर : नक्की येईल. दोष आहे तो जाडीचा. या प्रमाणात एक मिलिमीटरची डोलकाठी म्हणजे प्रत्यक्षात ७० सेंटिमीटरचा खांब! त्यामुळे किटमधल्या जाड काठ्या सरळ कापून टाका आणि ०.३ मिमीची पितळी तार सुपरग्लूने बसवा.

मग तोफा. मुख्य ८ तोफांच्या नळीचा आतला व्यास ३८ सेंमी, म्हणजे मॉडेलवर ०.५४ मिमी. पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल पकडायची हातमूठ) ०.५ मिमीचे ड्रिल धरून नळीचे तोंड मिलिमीटरभर खोल कोरा. आधी सुईने बरोबर मध्यावर खूण टोचा, नाहीतर ड्रिल घसरते आणि नळीचे तोंड फाटते. ड्रिल बोटांनीच फिरवा; मोटारीच्या वेगाने प्लॅस्टिक वितळून त्याला चिकटते. एवढ्या एका कामाने मॉडेलचा चेहरा बदलतो.

दोरखंडांसाठी पैसे खर्चू नका. ज्या चौकटीतून भाग कापले तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत धरा. मधला भाग चमकून लवू लागला की बाजूला घेऊन ताणा. झटकन ताणला तर केसासारखा धागा निघतो, सावकाश ताणला तर जाड. टोके फेविकॉलने चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग पेटती अगरबत्ती धाग्याजवळून पटकन फिरवा. सैल धागा आकसून ताठ होतो. अगरबत्ती टेकली तर मात्र तो तुटलाच.

प्रश्न : नौकेच्या बाजूंवर काळे-पांढरे तिरके पट्टे लावावेत का?

उत्तर : कोणता दिवस दाखवायचा ते आधी ठरवा. ते पट्टे २१ मे १९४१ रोजी नॉर्वेतल्या बर्गनजवळ करड्या रंगाखाली झाकले गेले. २४ मेची, ब्रिटिश युद्धनौका 'हूड' बुडवतानाची नौका हवी असेल तर पट्टे नकोत. त्याआधीची, बाल्टिक समुद्रातली दाखवायची तर हवेत. करड्या रंगात थोडा पांढरा मिसळा. एवढ्या छोट्या नौकेवर मूळ छटा फार गडद वाटते.